एकसष्ट वह्या

'माझी शाळा.' शब्दमर्यादा दीडशे.
नववी ब च्या एकसष्ट वह्या
कापडी पिशवीतून, रिक्षातून घरी आणल्या.
एप्रिलचं ऊन. पंखा फिरतो, उकाडाच ढवळतो.

पहिल्या चाळीस वह्यांत शाळा म्हणजे चादर :
उभा धागा गुरुजी, आडवा धागा मुलं,
कुणाचा काठ लाल, कुणाचा मोरपंखी.
चूक माझीच. मीच म्हणाले होते, उपमा वापरा,
आणि सोलापुरात उपमा एकच मिळते,
टॉवेलांसारखी किलोवर.

समर्थ अंकमनं मात्र शाळा सोडून
नळाबद्दल लिहिलंय.
'आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येते.
त्या दिवशी मी घागरी भरतो, शाळेत येत नाही.
बाई, हे कारण हजेरीपटात लिहायला जागाच नाही.'
खरंय. आम्ही फक्त 'गै' लिहितो, लाल शाईनं.
हजेरीपट काढून पाहिला :
गै, चार रकाने सोडून गै, पुन्हा चार सोडून गै.
विडी घरकुलचं पाण्याचं वेळापत्रक
त्याच्या एका ओळीत होतं
आणि मी वर्षभर त्यावर सही करत होते.

तहसीन नदाफ लिहिते, तांत्रिक विभागात
यंदा मुलींनाही घेतलं.
'आठवडाभर कानस घासली, तरी चौकोन होईना.
खतीब सर म्हणाले, घास, घास,
काटकोनाला दयामाया नसते.'

गुरुलिंग हत्तुरेला हातचा समजत नाही
असं गणिताच्या बाई दोन वर्षं सांगतात.
तो लिहितो, 'बेरीज मी मराठीत करतो,
हातचा कन्नडमध्ये धरतो.
पुढच्या घरात जाईपर्यंत
ओंदु कुठेतरी सांडतो.'
शुद्धलेखनाच्या तीन चुका.
एकही काढली नाही.

बावन्नावी वही, रम्या वंगारी.
पानांना तेंदूपत्त्याचा वास,
म्हणजे आईच्या सुपाला टेकून लिहिलेला निबंध,
सातशेव्या आणि हजाराव्या विडीच्या मध्ये कुठेतरी.
इमारत नाही, मैदान नाही,
आदरणीय मुख्याध्यापकही नाहीत.

'सकाळची शाळा बारा दहाला सुटते,
आमची बारा वीसला भरते.
मी बसते तेव्हा बाक गरम असतो.
तिथे कोण बसते मला माहीत नाही.
एकदा बाकावर पेन्सिलीने गणित होते, अर्धेच.
वर्गसमीकरण. ते आम्हाला पुढच्या वर्षी आहे.
तरी मी दोन पायऱ्या केल्या.
दुसऱ्या दिवशी खाली लिहिलेले : चिन्ह चुकले.
मी खोडले, सुधारले. मग रोज एक.
अक्षर उजवीकडे पुसलेले असते,
म्हणून ती डावखुरी असावी.
दहावीचा निरोप समारंभ झाला
तेव्हापासून बाक गरम नसतो.'

इथंच संपवलंय. दीडशे शब्द भरत नाहीत.

दहावी अ सकाळी मीच घेत होते.
खिडकीकडचा तिसरा बाक : मुबीना बागवान.
डावी करंगळी कायम शिशानं काळी.
उत्तर आलं तरी हात वर न करणारी.
मी तिला दोनदा बोलले होते, बाकावर गिरगटू नकोस,
ही सरकारी मालमत्ता आहे.
हल्ली ती गणवेशाच्या कारखान्यात
काजं करायला जाते, निकाल लागेपर्यंत.
कुठल्या तरी लांबच्या शाळांचे गणवेश,
खाकी, निळे, डझनाच्या गठ्ठ्यात.

लाल पेन उघडं धरून बसले.
नाव सांगावं का? दोघींना विचारावं का?
निबंधाला किती गुण देतात, ज्यात
शाळेचं नाव एकदाही येत नाही?

शेवटी समासात लिहिलं : 'डावखुरी. बरोबर.'
आणि खाली, बऱ्याच वेळानं,
'सोमवारी मला भेट. पेन्सिल घेऊन ये.'

नऊ वह्या उरल्या.
पुढची उघडली.
'माझी शाळा ही सुंदर चादरीसारखी...'
असू दे.