बर्फाच्या पावतीमागे

हर्णैच्या बर्फकारखान्यात मी पावत्या फाडते.
लादी किती, चुरा किती, कुणाच्या होडीला, उधार की रोख.
मागच्या कोऱ्या बाजूवर जपानी.
डिसेंबरात परीक्षा आहे, पुण्याला.

पुस्तकात डावीकडे दोन शब्द,
उजवीकडे इंग्रजीत एकच: कोल्ड.
समुई. त्सुमेताई.
ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, वापरून वापरून येईल.
दोन आठवडे मी नेमका चुकीचाच वापरत राहिले.
मग एका दुपारी लादी ओढताना शब्बीर ओरडला,
हात गेला माझा! आणि त्याच दमात,
दार लाव गं, थंडी वाजते.

हाताला लागतं ते त्सुमेताई.
अंगात वाजते ती समुई.
कुठे वाजते, कशावर वाजते,
ते पुस्तकाला विचारू नये.

तेव्हापासून इंग्रजीचा रकाना बोटाने झाकते.
शेजारच्या आगरात जायला
डांबरी सडकेपर्यंत कशाला चालायचं?
गडग्यावरून टांग टाकायची.

पण काल काएरू आणि मोदोरू आले.
दोन्ही रिटर्न.
गडगा शोधला, सापडेना.
परतणं, माघारी येणं, फिरणं, वळणं,
सगळे मांडून बसले लिलावातल्या ढिगांसारखे,
एकावरही बोली लागेना.

काएरू म्हणजे जिथले आपण, तिथे जाणं.
मोदोरू म्हणजे जिथे होतो, तिथे जाणं.
छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून मागे: मोदोरू.
शाळा सुटल्यावर पोरं: काएरू.
सोपं आहे, म्हणेपर्यंत आमचा हरेश आठवला.
दोन वर्षांनी येतो कुवेतहून, पंचेचाळीस दिवस.
त्याची बॅग भिंतीशी उभीच असते.
आई तिच्यावर काही ठेवत नाही,
पाहुणी आल्यासारखी वागवते तिला.
त्याच्या येण्याचा शब्द कुठला, जाण्याचा कुठला?
तिथे मी पेन्सिल वापरली.

संध्याकाळी नथू तांडेल आला.
विचारलं, होडी बंदरात येते, त्याला काय म्हणता?
लागली.
परत आली, नाही म्हणत?
परतबिरत काय नाय गो.
होडी लागली, नायतर नाय लागली.
वीस लाद्या उधारीवर मांडायला सांगून गेला.

रात्री पुढचा धडा चाळला.
घरातून निघताना म्हणायचं: इत्ते किमासु.
अक्षरशः, जाऊन येते.
इंग्रजीच्या रकान्यात नुसतं बाय.
मी एकटीच हसले.
आमच्या उंबऱ्यावर नुसतं जाते म्हटलं
तर आई अजून पाठीत धपाटा घालते.

मुलाखतीत विचारतात म्हणे,
करार संपल्यावर काय करणार?
त्या वृद्धाश्रमातली बाई पडद्यावर वाट बघत बसेल
आणि मला एक क्रियापद निवडावं लागेल.
तिथले काही म्हातारे, असं ऐकलंय,
रोज दिवेलागणीला पिशवी भरून दाराशी येऊन बसतात.
आपण कुठे आहोत ते विसरलेले असतात,
बायकोचं नाव विसरलेले असतात,
पण हा शब्द चुकत नाहीत.
काएरू, म्हणतात. काएरू.
त्यांना काय उत्तर द्यायचं
ते अजून कुठल्या धड्यात आलेलं नाही.

बाहेर टेंपो हॉर्न देतोय.
पावती उलटी करते.
सात लाद्या. रोख.