तिरका काना

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत
आमचं दुकान: शिक्के, पाट्या, चषकांवरची नावं.
मशीन पितळ कोरतं, मी फुंकर मारतो.

मंगळवारी पाटी परत आली.
आगोता केरेकेश, हंगेरीची, दातांची डॉक्टर.
अक्षराच्या डोक्यावर तिनं नख टेकवलं:
इथे रेघ होती.
कागदावरचा डाग समजून
मीच पुसली होती.

"हझा म्हणजे मायदेश,
हाझा म्हणजे त्याचं घर.
रेघ असली की स्वर लांबवायचा."
अहो, मग हा काना!
आमचा ताठ उभा,
तुमचा वाऱ्यानं कललेला.

काउंटरवरचा सुदानी इद्रिस हसला.
अरबीत हाझा म्हणजे 'हे'.
तिथेही पहिला आ लांब, पण लिहीत नाहीत,
ज्याला माहीत आहे त्यानं ओढायचा.

माझ्या पासपोर्टात काना कुठे, कोण सांगणार?
कुडाळात पालव.
इथे सतरा वर्षं मिस्टर पलाव,
आणि शुक्रवारी मेसमध्ये
कुणीतरी विचारतंच, रायतं आणू?

नवी पाटी फुकट करून दिली.
रेघ जरा खोल गेली.
जुनी मोडीत घातली नाही,
ड्रॉवरमध्ये आहे, पावत्यांखाली.

रात्री प्रमिलाचा फोन. "येतलास कधी?"
शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ,
ती त्याहून लांब ओढते.

"बघू," मी म्हणतो.
नियमानं हाही दीर्घच.
तोंडातून मात्र
ऱ्हस्व पडतो.