एकशे तेवीस

कारखान्याच्या कागदावर तिचं नाव एवढंच: एकशे तेवीस.

शहात्तर साली ती जर्मनीत पहिल्यांदा रस्त्यावर आली
तेव्हा म्हणे अशी रांग लागली
की वर्षभर वापरलेली गाडी नव्याच्या भावात जायची,
आणि टॅक्सीवाले कंपनीवर चिडले होते.
हे माझ्या बापाला कोणी सांगितलं, देव जाणे.
वाडीच्या गॅरेजात जुन्या टायरवर बसून
तो असा सांगायचा
जसा काही त्या रांगेत
दौलत निमजेचाच नंबर चुकला होता.

आमची, म्हणजे सिधवा साहेबांची, एक्क्याऐंशीची.
रंगाला कोणी सायीचा म्हणे, कोणी मळक्या धोतराचा.
आधी दिल्लीत कुठल्याशा वकिलातीत होती,
तीन वर्षांनी लिलावात निघाली.
मनसरच्या मँगनीजच्या पैशानं साहेबांनी उचलली
आणि सुकराम उईकेनं चार दिवस हाकत,
सागरपाशी एकदाच रस्ता चुकून,
नागपूरला आणली.
वाटेत डिझेल मागितलं तर
पंपावरचा पोरगा मागं वाकून बघायला लागला:
"काका, ट्रक कुठी हाय?"

किल्ली फिरवून थांबावं लागे.
पिवळा दिवा विझेपर्यंत
सुकरामची तंबाखू मळून व्हायची.

शहाऐंशीच्या जानेवारीत
तिकडं शेवटची गाडी बाहेर पडली, मॉडेल बंद झालं.
इथं कळायला दोन वर्षं गेली.
सत्तावीस लाखांच्या आसपास बनल्या, कोणी म्हणालं.
बाप स्पॅनर पुसत म्हणाला,
"असतीन. मले एकच माहीत हाय."

तोवर बॉनेटवरचा तारा
कॉटन मार्केटात कोणीतरी उपटून नेला होता.
इतवारीच्या खुशाल कसारानं पितळेचा ओतून दिला,
एक पाकळी जरा जाड.
एक्क्याण्णवच्या मेमध्ये एसी गेला;
मागच्या काचांना आकडे ठोकून
सुकरामनं वाळ्याचे पडदे बांधले,
आणि धरमपेठेतून जाताना
त्या जर्मन गाडीतून पाणी ठिबकायचं,
ओल्या मुळांचा वास
चौकभर मागं राहायचा.

व्हॅक्यूमला बाप 'ओढ' म्हणायचा.
बॉनेटखाली बोटाएवढ्या नळ्या दाखवायचा मला:
दारं ओढीनं लागतात,
इंजिनही ओढीनंच थांबतं.
कुठं बारीक भोक पडलं, ओढ गळली,
की गाडी थांबायचं विसरते.

साहेबांना आरामगाहात ठेवून आले
त्या संध्याकाळी तसंच झालं.
सुकरामनं किल्ली काढली, खिशात टाकली,
इंजिन चालूच.
तो तसाच बसून राहिला, हात मांडीवर.
बाप स्कूटरवर आला,
बॉनेट उचलून आत हात घातला,
पंपावरची चिमुकली दांडी दाबली.
"हवा गळून राह्यली, बस," म्हणाला.
सुकराम काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी मी आठ आण्याची रबरी नळी
वहीत लिहिली.

आता वही माझ्याकडे, गॅरेजही.
गेल्या फाल्गुनात साहेबांच्या नातवानं गाडी विकली,
पुण्याच्या एका शौकिनाला.
त्याला सगळं ओरिजनल हवं होतं.
आकडे काढले, भोकं बुजवली,
खोक्यातून नवा तारा निघाला, तिन्ही पाकळ्या सारख्या.
पितळेचा माझ्या हातात देऊन म्हणाला,
"हा तुम्हीच ठेवा, ताई."
पंख्याखाली बिलं उडतात, त्यांच्यावर ठेवलाय.

परवा रात्री अकराला त्याचाच फोन.
किल्ली काढलीय, इंजिन बंद होत नाही,
मेकॅनिक उचलत नाही, काय करू?
त्याच्या आवाजामागं ती चालू होती,
तोच जाडा, सावकाश ठोका.

"सांगते," म्हटलं.
बॉनेट उघडा, पंपापाशी बघा, एक दांडी आहे;
एवढंच तर सांगायचं होतं.

फोन कानाला लावून
मी आधी थोडा वेळ
ऐकत बसले.