पेलेग

वंशावळीचं पान कुणी वाचत नाही.
अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका,
आणि मग सगळे मेले.
आजोबा वाचायचे. तंबाखूच्या वखारीत काटा धरणारा माणूस,
शांतवन आवळे, नावंसुद्धा तोलून बघायचा:
नोहा म्हणजे विसावा. एबर म्हणजे पलीकडचा.
एबरच्या थोरल्यापाशी त्यांचं बोट थांबलं,
कारण तिथं नावाला कारण दिलंय:
ह्याच्या काळात जमिनीच्या वाटण्या झाल्या.

छप्पन्न साल. ऑक्टोबर संपला त्या रात्री
निपाणी मुंबई राज्यात झोपली
आणि म्हैसूर राज्यात उठली. अंथरूण तेच, ढेकूण तेच.
नवव्या दिवशी बाबा जन्मले.
आजोबा म्हणाले, पेलेग.
आजी म्हणाली, जीभ अडकते.

शाळेत पोरं म्हणायची पेला, पेला, पाणी पी.
रेशनकार्डावर पेलग. मतदार यादीत पेलाप्पा.
विजेच्या बिलावर एकदा पालेकर आलं,
ते बाबांनी कौतुकानं जपून ठेवलं.
धाकट्याला यक्तान नाव दिलं, म्हणजे लहानगा.
तो कागलला गेला, मोठा झाला,
आणि दर दिवाळीला फोनवर विचारायचा,
तिकडं कसं काय?
तिकडं म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर.

बाबांनी अडतीस वर्षं घटप्रभेच्या कालव्यावर
दारं उघडली, दारं पाडली.
बुधवार वरच्या शिवाराला, शनिवार खालच्या.
मधल्या दिवसांत शिव्या, दोन्ही भाषांत.

माती देऊन परतताना म्हातारे पाळक म्हणाले,
त्या शब्दाचा अर्थ फूट, हे खरं,
पण त्याच तीन अक्षरांत
पाण्याचा पाटही आहे. खणून काढलेला.
बाबांना हे माहीत होतं का?
मी विचारलं नाही. पाळकांना धाप लागली होती.

संकेश्वरात बसलिंग बडिगेरच्या दुकानात
काळा दगड आडवा पडलेला.
कुठल्या लिपीत, त्यानं विचारलं.
मी गप्प. काका फोनवर, तोही गप्प.
हे नाव कसलं हो बाई, अर्थ काय?
फूट म्हणायला तोंड उघडलं होतं.
म्हटलं, कालवा.
हां, कालुवे, तो म्हणाला,
आणि कानावरची पेन्सिल काढली.