एकोणीस मोऱ्या

नागपूरची एक जीप गेल्या हिवाळ्यात
साकोलीच्या फाट्यावर चहाला थांबली होती.
तिच्या चाकाशी उभं राहून पाहिलं,
माझ्या कमरेला लागलं.
तेव्हापासून माझी गाडी मला बसकी दिसते,
पोट घासत जाणाऱ्या घोरपडीसारखी.

लिल्हारे मिस्त्रीला म्हणालो, चार इंच उचल.
टायर तेहतीसचे, खोल दातांचे.
त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही.
"डांबर किती, चिखल किती?"

मी मनातल्या मनात रस्ता काढला.
मत्स्यबीज केंद्रापासून बेचाळीस किलोमीटर काळंभोर,
मग दीड किलोमीटर धुऱ्याधुऱ्यानं,
धानाच्या बांध्यांतून, तलावाच्या पाळीपर्यंत.

"म्हंजे दीडासाठी बेचाळीस बिघडवाचे."

बसते तर त्या दीडातच ना, मी म्हणालो.
मागल्या साली मागचा गोळा चिखलात टेकला
अन् रोहूची बोटुकली
वीस पिशव्यांमध्ये दुपारभर तापत राहिली.
ट्रॅक्टर येईपर्यंत
मी पिशव्यांवर ओला दुपट्टा फिरवत होतो,
जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर फिरवतात.

"गोळा पाट्यानं नाई उचलत बावा,
टायरनं उचलते.
पाटे फक्त टायरले जागा करून देतेत."
एवढं बोलून त्यानं जॅक लावला,
चासीवर सागाचे ठोकळे रचले,
चार इंच भरले तेव्हा म्हणाला, "बोलाव आत्याले."

झनकाआत्या.
पिशव्यांच्या मधोमध बसते ती, दोन्ही गुडघ्यांत दोन,
काखेत एक.
तिनं लुगडं खोचलं, पाय उचलला,
पाय फळीपर्यंत गेला नाही.
पुन्हा उचलला.
मग खाली ठेवून हसली,
"मले काय मचानावर बसवतं, वाघ पाहाले?"

मिस्त्रीनं पाण्यानं फुगलेली एक पिशवी मागं ठेवली
आणि गाडीचा कोपरा दाबून सोडला.
गाडी डावीकडं गेली, उजवीकडं गेली,
थांबली.
पाणी थांबलं नाही.
आम्ही तिघं बराच वेळ त्या पाण्याकडं पाहत होतो.

एक ठोकळा काढला. दुसरा काढला.
आत्या चढली.
पाणी लवकर शांत झालं.

दोन इंच. टायर एकतीसचे,
दात ना चिखलाचे पुरते, ना डांबराचे,
तेहतीसचं पोस्टर मात्र गॅरेजच्या भिंतीवरून
मी निघेपर्यंत माझ्याकडं बघत होतं.
तिसऱ्या दिवशी, शाळेच्या वळणावर
स्टेअरिंग पूर्ण तोडलं की आतून कर्रर.
मडगार्डच्या आतली पट्टी त्यानं पत्र्याच्या कात्रीनं कापली,
पैसे घेतले नाहीत,
"वळनंच किती हायेत तुह्या रस्त्याले," म्हणाला.

आता काटा खोटं बोलतो.
साठ दाखवतो, असते चौसष्ट.
आणि किलोमीटरही कमी भरतो.
बेचाळीसचे एकोणचाळीस,
चाक मोठं, फेरे थोडे,
रस्ता तेवढाच.
सोसायटी मला किलोमीटरवर पैसे देते.
सचिव मीटर वाचतो, वहीत लिहितो,
मी तोंड उघडणार एवढ्यात
आत्या मागून उतरते, आधी एक पाय, मग दुसरा,
आणि म्हणते,
"मीटर काय सांगते? मी मोऱ्या मोजतो.
जातानी एकोणीस, येतानी एकोणीस.
मांडा."

सचिव वही पुढं ओढतो.
तलावात पिशव्या तरंगत असतात,
आतलं पाणी बाहेरच्या पाण्याएवढं गार होईपर्यंत
कोणी गाठ सोडत नाही.
मी टायरच्या दातांत अडकलेला चिखल
काडीनं काढत बसतो.
धानाचं एक हिरवं रोप निघतं, मुळासकट.
बांधीत परत खोचून येतो.