एक रक्ताचं, एक आमचं

किनवटच्या दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक
माझ्याहून सात वर्षांनी मोठा.
भिंगाच्या कडेला बुरशीचं कोळिष्टक,
दर आषाढात थोडं आत सरकतं.
नवीन मागितला. कागद नांदेडला गेला,
तिथून कुठं गेला ते कागदालाच ठाऊक.

मुजीब बसस्टँडमागं टीव्ही दुरुस्त करायचा.
आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही,
म्हणून माझ्याकडं यायला त्याला वेळ.
त्यानं खालचा बल्ब काढला, पाटी बसवली:
पंधरा ओळी, ओळीत पंधरा,
मोहरीएवढे दिवे. एका वेळी एकच लागणार.
"ताई, समोरून उजेड पाडला की वस्तू गप बसते.
तिरका पाडा, बाजूनं पाडा, मग बोलते."

दोनशे पंचवीस फोटो.
एकही धड नाही.
मग त्याचा घरघरता लॅपटॉप
सगळ्या अर्धवट साक्षी समोरासमोर बसवतो,
याचं त्याला पटतं का विचारतो,
नाही पटलं की पुन्हा पहिल्यापासून.
तेराव्या ओळीतला एक दिवा मेलेला;
त्याची साक्ष उरलेल्यांवरून भरून काढतो.
इथंच मला धास्ती.

येसुबाई आत्राम, वय एकोणीस,
आठवडा झाला, दिवसाआड थंडी वाजून ताप.
भिंगातून: तांबड्या पेशी आणि धूर.
लॅपटॉपवर: पेशींच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या,
आणि दोन पेशींत दोन वलयं,
एकेका खड्याच्या बारीक बाळ्या.

मुजीब हरखला. मी नाही.
हिवतापाचा जंतू कोवळा असताना वलयासारखा दिसतो,
आणि गणित फार ताणलं की तेही वलयं सोडतं,
हे त्यानंच मागल्या शुक्रवारी सांगितलेलं.
तो बोललेलं विसरतो. मी वहीत लिहिते.

स्लाईड उचलली, काटकोनात फिरवून ठेवली.
रक्तातलं असेल तर रक्तासोबत वळेल.
पुन्हा दिवे. एक. एक. एक.
एकशे नव्वदवर लाईट गेली.
पुन्हा.
बाहेर बाकावर येसुबाईची सासू
डब्यातल्या भातावर पदरानं वारा घालत बसलेली.

एक वलय वळलं.
दुसरं जागचं हललं नाही.
त्याच्याखाली आता पेशीच नव्हती,
तरी ते होतं, बुरशीच्या शेजारी, ऐटीत.

रजिस्टरात खोट्या वलयाला रकाना नाही.
पॉझिटिव्ह लिहिलं, सही केली.
मग समासात, पेन्सिलीनं, अगदी बारीक:
एक रक्ताचं, एक आमचं.