अठ्ठेचाळीस हजार

लॅपटॉपच्या पोटात एक जुनं विंडोज पाळलंय मी,
व्हर्च्युअल मशीन म्हणतात.
दोन हजार चारचं सॉफ्टवेअर फक्त तिथेच उघडतं
आणि त्यातच अडकलेत
गोठिवलीच्या बारकूबाई म्हात्रेचे धवले,
अकरा ट्रॅक, एका हळदीच्या रात्रीचे.

प्ले केलं, तर बाई फुटाण्याच्या कढईत बसून गातेय:
तडतड, एखादा सूर, पुन्हा तडतड.

साउंडकार्ड बदलून पाहिलं.
खोटंच असतं ते, पण खोट्यातही प्रकार असतात.
प्रोसेसर एक होता, दोन दिले.
बफर वाढवला. तडतड गेली,
पण आता बटण दाबल्यावर बाई जरा थांबून सुरू होते.
"मांडवातपण उशिराच यायची,"
शेजारी बसलेली तिची सून सुगंधा म्हणाली,
"पान लावल्याशिवाय तोंड उघडायची नाय."

तरी आवाज पातळ. चढा. घाईतला.
रात्री दोनला, रबाळे एमआयडीसीच्या कंपनीची बस
खाली माणसं उतरवत होती, तेव्हा दिसलं:
रेकॉर्डिंग चव्वेचाळीस हजार शंभरचं,
आणि बाहेर वाजतंय अठ्ठेचाळीस हजारावर.

आकडे जुळवले.
आवाज खाली उतरला, जाड झाला,
त्यात तंबाखू आली, दम लागणं आलं,
मागे कुणीतरी पातेलं पाडलं, तेही आलं.

सुगंधा पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली.
"हीच. हीच आमची म्हातारी."
मग बऱ्याच वेळाने,
"मघाची एकदा लाव ना परत.
तेवढी तरणी ती
मला कधी भेटलीच नाय."